फायनान्समध्ये पीएच.डी. करायचीय? एसओपीबद्दल नागपुरातून हमखास येणारे प्रश्न

अमेरिका-युरोपातली बिझनेस स्कूल्स आणि आपल्याकडची आयआयएम यांच्या डॉक्टरेटला अर्ज करणाऱ्यांसाठी हे पान आहे. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज अर्थातच इंग्रजीत लिहायचा. नमुन्याचे परिच्छेद इथे मराठीत दिलेत ते मुद्दा कळावा म्हणून. त्यांचं भाषांतर करून अर्जात डकवू नका.

एमबीएसाठी लिहिलेला एसओपी थोडा बदलून चालेल का?

नाही चालणार. एमबीएच्या निबंधात तुम्ही काय केलंत, किती जणांची टीम सांभाळलीत आणि पुढे कुठल्या खुर्चीत बसायचंय हे सांगायचं असतं. पीएच.डी.चे अर्ज वाचतात ते स्वतः संशोधन करणारे प्राध्यापक. मोठ्या विभागाकडे काही शे अर्ज येतात आणि जागा असतात दोन ते पाच. निवडलेल्या विद्यार्थ्याची फी साधारणपणे माफ होते, वर पाच वर्षं स्टायपेंड मिळतो. थोडक्यात, ते तुमच्यावर पैसे लावतायत. पहिली दोन वर्षं कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, आणि शेवटी स्वतःचा जॉब मार्केट पेपर (प्राध्यापकीच्या नोकरीसाठी दाखवायचा मुख्य शोधनिबंध), एवढं या उमेदवाराच्याने निभेल का हा त्यांचा प्रश्न असतो.

त्यामुळे ते तीन गोष्टी शोधतात. तुम्हाला प्रश्न नीट मांडता येतो का? उत्तर कसं काढायचं याचा अंदाज आहे का? आणि आपलं उत्तर कुठे चुकू शकतं, हे तुमचं तुम्हाला दिसतं का? पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अर्जांत सापडतात. तिसरी क्वचितच असते, आणि दोन चांगल्या अर्जांतला फरक तीच पाडते. या पानावरचा बराचसा सल्ला फिरून तिथेच येईल.

नागपूर विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी सिनॉप्सिस तयार आहे. तोच एसओपी म्हणून देऊ का?

दोन्हींचं काम वेगळं आहे. आपल्या विद्यापीठात पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) वगैरे टप्पे पार करून, गाईड ठरवून सिनॉप्सिस दिला जातो. त्यात विषय पक्का असतो, उद्दिष्टं, गृहीतकं, प्रकरणांची यादी आणि संदर्भसूची असते. एसओपीत विषय पक्का नसतो आणि तो असावा अशी अपेक्षाही नसते. दिशा मात्र दिसली पाहिजे.

सिनॉप्सिस तसाच डकवला की शीर्षकापासूनच घोटाळा होतो. 'नागपूर शहरातील गुंतवणूकदारांच्या जागरूकतेचा अभ्यास' छापाच्या विषयात दोनशे लोकांना प्रश्नावली देऊन काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी लावलेली असते. फायनान्सच्या समितीला त्यात दोन अडचणी दिसतात. ओळखीपाळखीच्या दोनशे जणांवरून शहराबद्दल काही बोलता येत नाही, आणि जागरूकतेमुळे गुंतवणूक वाढली की गुंतवणूक करता करता जागरूकता आली हे त्यातून कळत नाही. असं काम आधीच झालं असेल तर लपवू नका. या दोन त्रुटी तुम्ही स्वतःच एका वाक्यात लिहिल्यात, तर तेच काम तुमच्या बाजूने उभं राहतं.

लांबी आणि फॉरमॅट?

संस्था सांगेल तेच. काही सांगितलं नसेल तर दोन पानं, साधारण १००० शब्द, ११ किंवा १२ पॉइंटचा साधा फॉन्ट, चारही बाजूंनी एक इंच समास, पीडीएफ. ५०० शब्दांची मर्यादा असेल तर ५०१ होऊ देऊ नका. काही पोर्टलवर फाइल अपलोड करायची सोय नसते, चौकटीत पेस्ट करावं लागतं. तिथे मर्यादा अनेकदा अक्षरांची असते, त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात, आणि ग्रीक अक्षरं किंवा तिरके अवतरणचिन्ह यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा.

हजार शब्दांची ढोबळ वाटणी अशी: सुरुवातीचा प्रश्न १५०, केलेलं संशोधन ३५० ते ४००, गणित आणि अर्थमितीची (इकॉनोमेट्रिक्सची) तयारी १५०, पुढे काय करायचंय २००, तीच संस्था का हे १००. भविष्यातल्या ध्येयाला एक वाक्य पुरतं. पीएच.डी.नंतर संशोधन आणि अध्यापन करायचंय, एवढंच.

पहिला परिच्छेद कसा लिहायचा? तिथेच अडकायला होतं.

सगळेच तिथे अडकतात, म्हणून मग लहानपण, आजोबांचं बचत खातं किंवा वॉरन बफे यांचं वाक्य येतं. तिन्ही काढून टाका. एक नमुनाच पाहू. कच्चा मसुदा असा असतो:

'मी विदर्भात वाढलो. इथल्या शेतकऱ्यांच्या अडचणी पाहून मला लहानपणापासून वित्तीय बाजारांबद्दल कुतूहल होतं. कमोडिटी मार्केटचा शेतकऱ्यांना कसा फायदा होईल यावर मला संशोधन करायचं आहे.'

भावना खरी असेल, पण यात प्रश्न कुठेच नाही. 'कसा फायदा होईल' म्हणताना फायदा होतोच हे आधीच गृहीत धरलंय. आता त्याच मुलाने, त्याच मातीतून, असं लिहिलं तर:

'डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांचे (फ्युचर्सचे) नवे व्यवहार थांबवले. त्यानंतर वायद्याचा भाव समोर नसताना कळमना, अकोला आणि वाशीमच्या बाजार समित्यांतले सोयाबीनचे भाव एकमेकांपासून जास्त दूर गेले का, हा माझा प्रश्न आहे. ज्यांचे वायदे सुरूच राहिले अशा एरंडी आणि हळदीशी तुलना करून मी सरकारी ॲगमार्कनेट संकेतस्थळावरचे रोजचे भाव तपासले. अडचण अशी की बंदी आलीच महागाईमुळे. शिवाय ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने तेलबियांवर साठामर्यादाही घातली होती. त्यामुळे दिसणारा फरक बंदीचा किती आणि साठामर्यादेचा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.'

यात तारीख, बाजारपेठा, तुलनेचा गट, आकड्यांचा स्रोत आणि शेवटी स्वतःची अडचण आहे. निष्कर्ष नाही, आणि इथे तो लागतही नाही. वाचणारा प्राध्यापक 'अडचण अशी की' या वाक्यावर थांबतो, कारण इथून पुढे त्याला तुमच्याशी बोलता येतं.

तुलनेचा गट निवडतानाही विचार दिसू द्या. सरकी ढेपेचे वायदे सुरू होते, अकोल्याला तिची मोठी बाजारपेठ आहे, म्हणून विदर्भातल्या मुलाच्या मनात ती पहिली येईल. पण सोयाबीनची पेंड आणि सरकीची ढेप दोन्ही पशुखाद्यात जातात. एकीचा भाव हलला की दुसरीचा हलू शकतो. मग ती निर्लेप तुलना राहत नाही. 'म्हणून ढेप टाळली' हे तीन शब्दांचं वाक्य तुम्हाला बाजार कळतो आणि पद्धतही कळते, हे दोन्ही सांगून जातं.

नागपूर-विदर्भाबद्दल लिहायचं तर असं लिहा. गावाचं नाव येऊ द्या, पण कणव मिळवायला म्हणून ते आणू नका.

मी सीए आहे. सीएला तिथे किंमत आहे का?

पदवी म्हणून मर्यादित. सीए, सीएफए या व्यावसायिक पात्रता आहेत आणि पीएच.डी. हे संशोधनाचं प्रशिक्षण. 'सीए पहिल्या प्रयत्नात' यावर अर्धं पान खर्च करू नका. पण सीएने जे जवळून पाहिलेलं असतं ते अर्थशास्त्राच्या पदवीधराने पाहिलेलं नसतं, आणि सोनं तिथेच आहे.

उदाहरण घ्या. आयकर कायदा १९६१ मध्ये कलम ४३बी(एच) आलं, ते आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. मुदत लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. मध्यम उपक्रम यात नाहीत. मार्चअखेरीला बुटीबोरी-हिंगण्यातल्या कारखान्यांची देणी तपासणाऱ्या प्रत्येक सीएला हे पाठ असतं. पण त्याच्यापुढे हा टॅक्स ऑडिटमधला एक रकाना असतो. संशोधकाच्या नजरेने पाहिलं तर हा व्यापारी उधारीवरचा आयता प्रयोग आहे: लघु पुरवठादाराला पैसे लवकर मिळू लागले, की खरेदीदार मध्यम पुरवठादारांकडे वळले?

आणखी एक धागा आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघु उपक्रमाची उलाढाल-मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली, गुंतवणुकीची १० वरून २५ कोटी. म्हणजे काही पुरवठादार रातोरात 'मध्यम'चे 'लघु' झाले, त्यांच्या धंद्यात मात्र काही बदललं नव्हतं. असा बदल संशोधकाला दिवा घेऊन शोधावा लागतो.

आता यात काय अडेल तेही लिहा. कंपन्यांच्या ताळेबंदात सूक्ष्म व लघु उपक्रमांची देणी वेगळी दाखवतात, त्यामुळे खरेदीदाराची बाजू सीएमआयईच्या प्रोवेससारख्या डेटाबेसमधून मिळू शकते. पुरवठादाराची बाजू मिळत नाही. कोणत्या खरेदीदाराने कोणत्या पुरवठादाराला सोडलं हे ताळेबंदात कुठेच नसतं. ही मर्यादा स्वतःहून सांगा.

एक सावधगिरी: क्लायंटचं नाव, आकडे, ओळख पटेल असा तपशील एसओपीत अजिबात नको. गोपनीयता मोडणाऱ्या माणसाच्या हाती डेटा द्यायला कुणी धजावत नाही.

बी.कॉम.ला गणित जवळपास नव्हतंच. एसओपीत झाकायचं कसं?

झाकता येत नाही, गुणपत्रिका त्यांच्यासमोर असते. फायनान्सच्या पीएच.डी.चा पहिल्या वर्षाचा अभ्यास बऱ्याच ठिकाणी अर्थशास्त्राच्या पीएच.डी.सोबतच होतो. त्याला लिनिअर अल्जिब्रा, अनेक चलांचं कॅल्क्युलस, प्रॉबॅबिलिटी आणि अर्थमिती लागते. रिअल ॲनालिसिस झालं असेल तर उत्तम. कमी असेल ते आधी भरून काढा आणि एसओपीत फक्त त्याचा पुरावा द्या. एनपीटीईएलचा (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षण उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स करून केंद्रावर जाऊन परीक्षा दिली असेल, तर विषय आणि गुण लिहा. नुसते व्हिडिओ पाहिले असतील तर लिहू नका.

'मला गणिताची आवड आहे' हे वाक्य कुणीही लिहू शकतं. 'ओएलएसच्या (रिग्रेशनच्या मूलभूत पद्धतीच्या) अनुमानकाचा व्हेरियन्स स्वतः काढून पाहिला आणि 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करून ताडून बघितला' हे लिहायला ते केलेलं असावं लागतं. वर्षभराचा वेळ असेल तर प्री-डॉक (पीएच.डी.आधीची संशोधनाची नोकरी) किंवा संशोधन सहायकाची जागा शोधा, घाईत अर्ज टाकण्यापेक्षा ते वर्ष जास्त कामी येतं.

संशोधनाचा अनुभव म्हणजे एमबीएचा प्रोजेक्ट, बस. काय लिहू?

प्रोजेक्ट सात-आठ वाक्यांत उलगडा. प्रश्न काय होता, डेटा कुठून घेतला, निरीक्षणं किती, मॉडेल कोणतं, काय सापडलं, कशावर विश्वास ठेवता येत नाही, आज पुन्हा केलात तर काय बदलाल. शेवटच्या दोन वाक्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. टीममध्ये केलं असेल तर तुमचा वाटा नेमका लिहा: डेटा साफ केला, कोड लिहिला, की अहवाल टाइप केला. शिफारसपत्रात गाईडने वेगळं लिहिलं तर तेवढ्यावरून अर्ज बाद होऊ शकतो.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधला पेपर असेल तर तो मिरवू नका. जर्नल ऑफ फायनान्स आणि रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज वाचणारी माणसं अर्ज तपासतात, त्यांना जर्नलच्या नावावरूनच ओळख पटते. त्यापेक्षा एखाद्या प्रसिद्ध पेपरमधलं एक टेबल भारतीय आकड्यांवर पुन्हा करून बघणं कितीतरी बरं. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत हाच तुमचा परिच्छेद. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. बाजारातून बाहेर पडलेल्या कंपन्या डेटातून गळालेल्या असतात, किंवा शेअर विभाजन आणि बोनसचा हिशेब भावात धरलेला नसतो.

'याच विद्यापीठात का' या भागात प्राध्यापकांची नावं किती घ्यावीत?

दोन किंवा तीन. प्रत्येक नावापुढे त्यांचं कोणतं काम तुमच्या प्रश्नाला कुठे भिडतं हे लिहा. 'प्रा. अमुक यांचं कॉर्पोरेट फायनान्समधलं काम प्रेरणादायी वाटतं' यातलं आडनाव बदललं तर वाक्य दुसऱ्या विद्यापीठाला तसंच चालतं, म्हणजे ते निरुपयोगी आहे. नाव घालण्याआधी त्यांच्या स्वतःच्या पानावर जाऊन बघा. निवृत्त झालेत का, पाहुणे प्राध्यापक आहेत का, दुसरीकडे गेलेत का, गेल्या तीन-चार वर्षांत त्या विषयावर काही लिहिलंय का. भारतीय उमेदवाराला शिकागो म्हटलं की रघुराम राजन आठवणं स्वाभाविक आहे, पण तुमचा प्रश्न ऑप्शन्सच्या भावांबद्दल असेल तर बँकिंगवर काम करणाऱ्या माणसाचं नाव कशाला? नाव भारतीय म्हणून घेतलंय हे लगेच कळतं.

विभागाचा कल कुठे आहे तेही बघा. काही विभाग ॲसेट प्रायसिंगवर, म्हणजे मालमत्तांच्या किमती कशा ठरतात यावर भर देतात, काही कंपन्यांच्या वित्तव्यवहारावर, काही बँकिंगवर, काही घरगुती वित्तावर. घरगुती कर्जावर काम करायचंय आणि विभागात सगळे डेरिव्हेटिव्हवाले असतील, तर एसओपी कितीही सुरेख असला तरी तिथे अर्ज करून उपयोग नाही.

अर्जाआधी प्राध्यापकांना ईमेल करावा का?

अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये निवड समिती करते, तिथे गरज नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या काही विद्यापीठांत मात्र मार्गदर्शक आधी ठरवावा लागतो. तिथे करा, आणि मेल दहा ओळींच्या आत ठेवा.

आयआयएमसाठी वेगळं काय?

लांबी बहुधा कमी, काही ठिकाणी सोबत संशोधन प्रस्ताव. मुख्य फरक मुलाखतीत पडतो. एसओपीतल्या प्रत्येक शब्दावर तिथे समोरासमोर प्रश्न येतो. 'पॅनेल रिग्रेशन केलं' लिहिलंत तर फिक्स्ड इफेक्ट का घेतला हे फळ्यावर सांगायची तयारी ठेवा. आणि 'नोकरीत स्थैर्य', 'प्राध्यापकी घराजवळ मिळेल' ही कारणं खरी असली तरी ती घरीच ठेवा.

बी.कॉम.ला ५८ टक्के, एक एटीकेटी. स्पष्टीकरण द्यायचं?

दोन ओळींत, रडगाणं न गाता. काय झालं, नंतर काय बदललं. त्याच विषयात पुढे चांगले गुण असतील तर आकड्यासह लिहा. टक्केवारीचं ४ पैकी जीपीए स्वतःच्या मनाने करू नका. लागल्यास संस्था सांगेल त्या यंत्रणेकडून मूल्यांकन करून घ्या. नागपूर विद्यापीठात ६५ टक्के म्हणजे वर्गात कितवा, हे शिफारसपत्रात शिक्षकांनी सांगितलं तर जास्त पटतं. गॅपमध्ये स्पर्धा परीक्षा दिल्या असतील तर तसं सरळ लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरची परिस्थिती, पहिल्या पिढीतलं शिक्षण, हे लिहायचं की नाही?

एसओपीत नको, त्याचा संशोधनाशी थेट संबंध असेल तरच. बर्कलेसारख्या काही ठिकाणी वैयक्तिक पार्श्वभूमीचं निवेदन वेगळं मागतात, त्याची जागा तिथे. आर्थिक मदतीची विनवणीही नको, स्टायपेंड निवडीसोबत येतो.

इंग्रजी चांगलं आहे, तरी भाषा तपासून घ्यावी का?

घ्या, कारण आपल्याकडे रुळलेले बरेच शब्द बाहेर भलतेच वाचले जातात. 'मी २०२२ ला पासआउट झालो' हे तिथल्या वाचकाला चक्कर येऊन पडल्यासारखं वाटतं, 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'डाउट' म्हणजे तिथे शंका घेणं, प्रश्न असेल तर 'क्वेश्चन'. लाख-कोटी त्यांना कळत नाहीत: १० लाख म्हणजे एक मिलियन, १ कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि चलन लिहा. एटीकेटी, डिस्टिंक्शन, आर्टिकलशिप हे शब्द आले तर तिथल्या तिथे चार शब्दांत फोड करा. 'गाईड'चा 'ॲडव्हायजर' करा. एमबीएच्या प्रोजेक्टला 'थिसिस' म्हणू नका. 'नोटबंदी' लिहिताना नोव्हेंबर २०१६ घाला.

दुसरी खोड वाक्यरचनेतली. मराठीत आपण कर्ता गाळून 'करण्यात आलं' म्हणतो, तीच सवय इंग्रजीत उतरली की सगळा एसओपी कुणीतरी अज्ञात माणसाने केल्यासारखा वाटतो. डेटा तुम्ही गोळा केला असेल तर 'मी' म्हणा.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर?

आधी त्या विद्यापीठाचा नियम वाचा. व्याकरण तपासून घेणं आणि मजकूर लिहून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जावर 'हे माझं स्वतःचं लेखन आहे' अशी कबुली घेतली जाते. नियम बाजूला ठेवले तरी व्यवहारात तोटाच आहे, कारण यंत्र गुळगुळीत लिहितं आणि समितीला हवी असते ती नेमकी तुमची अडचण, सरकी ढेप का टाळली ती. हे त्याला ठाऊक नसतं. एसओपी लिहून देणाऱ्या दुकानांनाही हेच लागू.

सर म्हणतात, 'शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.'

हे सर्रास चालतं, तरी टाळा. पत्र आणि एसओपी एकाच हातचे आहेत हे शब्दांवरून कळतं, आणि पोर्टलवर पत्र थेट शिक्षकांनीच चढवायचं असतं. सरांना एक पानाचं टिपण द्या: कोणत्या वर्षी कोणता विषय शिकलात, गुण, प्रोजेक्टचा विषय, वर्गात विचारलेला एखादा प्रश्न, अंतिम तारखा. त्यावरून पत्र लिहायला त्यांना अर्धा तास लागतो. त्यांचा ईमेल कॉलेजच्या डोमेनचा असेल तर तोच द्या. एसओपीचा मसुदाही द्या, म्हणजे दोन्हींत परस्परविरोध राहणार नाही.

सुरुवात कधी करायची?

अमेरिकेच्या तारखा साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतात. त्यातून मागे मोजा. मे-जूनमध्ये, नागपूरच्या उन्हात तसंही बाहेर पडवत नाही तेव्हा, पेपर वाचून प्रश्न ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये छोटं विश्लेषण करा आणि जीआरई किंवा जीमॅट द्या. सप्टेंबरमध्ये पहिला मसुदा, विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आणि शिक्षकांना पत्राची विनंती, हे तिन्ही एकाच महिन्यात. शिक्षकांना दिवाळीआधी गाठलं नाहीत तर सुट्ट्या लागतात, मग हिवाळी परीक्षा आणि पेपर तपासणी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे शहरातले रस्ते बंद असतात, तेव्हा सहीसाठी फेऱ्या मारायची वेळ येऊ देऊ नका.

मसुदे किमान पाच-सहा होतात. एक मसुदा फायनान्स न कळणाऱ्याला वाचायला द्या. 'तुझा प्रश्न काय आहे' हे त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा.

दहा-बारा ठिकाणी अर्ज करणार. प्रत्येक वेळी नवा एसओपी?

गाभा तोच ठेवा, शेवटचे दीडशे-दोनशे शब्द वेगळे. फाइल पाठवण्याआधी बाकीच्या सगळ्या विद्यापीठांची नावं एकेक करून फाइंडमध्ये शोधा. दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून जाणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक आहे. फाइलच्या नावात 'फायनल_फायनल३' नको, आडनाव आणि एसओपी पुरे.

सबमिट करताना शेवटच्या क्षणी काय बिघडतं?

वेळ, कार्ड आणि नाव.

तारीख १५ डिसेंबर, रात्री ११:५९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ, असं लिहिलं असेल तर आपल्याकडे १६ तारखेचे सकाळी १०:२९ होतात. पश्चिम किनाऱ्याची असेल तर दुपारी १:२९. काही ठिकाणी मात्र संध्याकाळी ५ची मुदत असते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. तारीख वाचली तरी तास वाचायचा राहतो.

अर्जाची फी डॉलरमध्ये असते. आपल्या बऱ्याच डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. हे आठवडाभर आधी करून ठेवा. फी माफीसाठी अर्ज करायचा तर त्याची मुदत मुख्य तारखेच्या आधी असते.

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, जीआरईच्या खात्यात तिसराच. अर्ज, एसओपीचा मथळा आणि जीआरई तिन्हीकडे पासपोर्टप्रमाणे नाव ठेवा, नाहीतर गुण तुमच्या अर्जाला जोडलेच जात नाहीत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुन्या नावाच्या रकान्यात ते भरा.

पाठवल्यानंतर चूक सापडली. आता?

शुद्धलेखनाची असेल तर सोडून द्या. आकडा किंवा दावा चुकला असेल, म्हणजे निरीक्षणं ४०० लिहिलीत आणि खरी २४० असतील, तर प्रवेश कार्यालयाला तीन ओळींचा मेल करा, दुरुस्त पीडीएफ जोडा आणि अर्ज क्रमांक विषयाच्या ओळीत लिहा. ते फाइल बदलतील किंवा नाही बदलणार, पण मुलाखत झाली तर हा मेल तुमच्याजवळ असू द्या.